नजाशीच्या दरबारातला दुसरा दिवस

सर्वधर्म सलोख्याच्या सभा भरवणाऱ्या संयोजक मंडळींना खुलं पत्र

मंडळी,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की तुमचं निमंत्रण येतं आणि मी येते. मागच्या रांगेत बसते, कारण पुढच्या दोन रांगा कुणाकुणासाठी राखलेल्या असतात आणि बऱ्याचदा रिकाम्याच राहतात. मंचावर एक फादर, एक मौलाना, एक भन्तेजी, एक कीर्तनकार. समई लागते, शाली दिल्या जातात, फोटो निघतात. या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. चार जण एका मंचावर येऊन बसतात हे आजच्या दिवसांत थोडं नाही. तक्रार आहे ती मरियमबद्दल.

गेल्या डिसेंबरातल्या एका सभेत (गाव, संस्था, वक्ते, कुणाचंच नाव घेत नाही) वक्त्यांनी नाताळनिमित्त येशूजन्माची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, ‘कुराणातसुद्धा हीच गोष्ट आहे बरं का! फक्त नावं बदलली. मारियाची मरियम झाली, येशूचा ईसा झाला. बाकी सगळं तेच.’ टाळ्या पडल्या. मग प्रश्नोत्तरं. अकरावी-बारावीतली एक मुलगी उठली, डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाली, ‘सर, आमच्या गोष्टीत जोसेफ नाहीयेत. मरियम एकट्याच असतात. आणि खजुराचं झाड तुमच्या गोष्टीत का नाही?’

सर गोंधळले. तेवढ्यात संयोजकांपैकी एकांनी माइक घेतला आणि हसून म्हणाले, ‘वादाचे विषय आज नकोत. चहा तयार आहे.’

ती मुलगी वाद घालत नव्हती हो. सभागृहात त्या दिवशी मरियमची गोष्ट खरोखर ठाऊक असलेली ती एकटी असावी. तिला आपण चहाला पाठवलं.

मी वसईची. जन्माने कॅथलिक, पेशाने मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. शेवटची काही वर्षं ज्या कॉलेजात होते तिथे भूगोल शिकवणाऱ्या एक बाई दापोलीकडच्या होत्या, घरी कोकणी बोलणाऱ्या मुसलमान. एका वर्षी मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी एक उद्योग केला. माझं मराठी बायबल, त्यांचं मराठी भाषांतर असलेलं कुराण, दोन्ही टेबलावर. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि सूरह मरियम, म्हणजे कुराणाची एकोणिसावी सूरह (सूरह म्हणजे अध्याय). रोज चार-पाच ओळी, मध्ये डबा. कुणाला काही पटवायचं नव्हतं. त्या वाचनातून जे हाती लागलं त्याच्या जोरावर हे पत्र लिहिते आहे.

आधी सारखं काय ते सांगते, कारण ते खोटं नाहीच. कुराणात एकाच स्त्रीचा नावानिशी उल्लेख आहे, ती मरियम. चौतीस वेळा. नव्या करारात येशूच्या आईचं नाव इतक्या वेळा येत नाही, आणि हा आकडा तुमच्या प्रत्येक सभेत कुणी ना कुणी ऐकवतोच. देवदूत येतो. मुलगा होईल म्हणतो. ती विचारते, मला पुरुषाचा स्पर्श नाही, मग मुलगा कसा होईल? हा प्रश्न लूकमध्ये आणि कुराणात जवळजवळ शब्दाला शब्द तोच आहे. बाईंनी आणि मी तो एकाच वेळी मोठ्याने वाचला होता.

मग आम्ही उत्तर वाचलं आणि दोघी गप्प झालो. लूकमध्ये देवदूत म्हणतो, पवित्र आत्मा तुझ्यावर येईल, म्हणून जन्मणाऱ्याला देवाचा पुत्र म्हणतील. कुराणात उत्तर येतं की अल्लाह हवं ते निर्माण करतो. ‘होऊन जा’ म्हणतो आणि ते होतं. आणि तिसऱ्या सूरहमध्ये पुढे म्हटलंय, ईसाचं उदाहरण आदमसारखं, त्याला मातीतून घडवलं. म्हणजे बापाविना जन्म दोघांनाही मान्य. मला त्या जन्मात पुत्रत्व दिसतं, बाईंना निर्मात्याची ताकद. बाई म्हणाल्या, ‘आदमला तर आईही नव्हती. मग तो मोठा का?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण ते उत्तर श्रद्धेचं होतं, आणि त्यांचा प्रश्नही श्रद्धेचाच होता. तेवढ्यात घंटा झाली.

लूकमध्ये मरिया देवदूताला शेवटी म्हणते, मी प्रभूची दासी. कुराणात मरियम हे वाक्य म्हणत नाही. ते तिचं तान्हं बाळ म्हणतं. पाळण्यातून बोलतं आणि पहिलंच वाक्य, मी अल्लाहचा दास आहे, त्याने मला ग्रंथ दिला, नबी केलं. एकच शब्द, दास. आमच्याकडे आईच्या तोंडी, त्यांच्याकडे मुलाच्या. जिची मी माळ जपते ती ज्या प्रभूची दासी, तोच प्रभू तिच्या पोटी आला असं मी मानते. बाई मानतात की आई आणि मुलगा दोघं एकाच मालकाचे सेवक. (पौलाच्या पत्रात येशूनेही दासाचं रूप घेतलं असं आहे, ते मला माहीत आहे. पण रूप घेणारा आधी कोण होता, गाडी तिथेच येऊन थांबते.) दोन धर्मांमधला सगळा फरक या एका शब्दात मावतो, आणि तुमच्या सभेत तो ‘फक्त नावं बदलली’ या तीन शब्दांखाली गेला.

आता त्या मुलीचं खजुराचं झाड. कुराणातली मरियम लोकांपासून लांब जाते, एकटी. कळा सुरू होतात आणि त्या तिला खजुराच्या बुंध्याशी घेऊन येतात. ती म्हणते, याआधीच मेले असते, पार विसरली गेले असते तर बरं झालं असतं. बाळंतिणीच्या तोंडचं याहून खरं वाक्य मी कुठल्या धर्मग्रंथात वाचलेलं नाही. मग खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा काढलाय, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील. खा, पी, डोळे निवव. दापोलीच्या बाईंनी सांगितलं, त्यांच्याकडे सून गरोदर राहिली की सूरह मरियम वाचतात, खजूर खायला देतात. कुणीतरी हजहून येताना पंजा-ए-मरियम आणतं, आवळलेल्या मुठीसारखी सुकी वनस्पती. बाळंतपणाच्या वेळी ती पाण्यात टाकतात, ती हळूहळू उमलते, आणि तिच्यासारखीच बाईची सुटका व्हावी अशी भावना. बाईंच्या घरी ती एका डब्यात कापसात ठेवलेली होती. तीन पिढ्या तीच मूठ उघडत-मिटत आलेली. मी हातात घेऊन पाहिली, काटक्यांच्या चेंडूइतकी हलकी.

आमच्याकडे उलट आहे. कॅथलिक परंपरा म्हणते की मरियेला बाळंतपणाच्या कळा झाल्याच नाहीत. नाताळच्या गोठ्यात आम्ही तिला मांडतो ती गुडघे टेकून, शांत, निळ्या पदरात. तिचं दुःख पुढे येतं. म्हातारा शिमोन मंदिरात तिला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार जाईल. आणि ती जाते, क्रूसाखाली. योहानाच्या शुभवर्तमानात आई क्रूसापाशी उभी आहे. गुड फ्रायडेला काळ्या वस्त्रातली तिची मूर्ती निघते तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया स्वतःची गेलेली मुलं आठवून रडतात. कुराणात हा प्रसंग असूच शकत नाही, कारण ईसाला ना त्यांनी मारलं, ना सुळावर चढवलं, असं चौथी सूरह सांगते. त्यामुळे त्यांच्या मरियमला मांडीवर मेलेला मुलगा घ्यावा लागत नाही. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुमच्या मरियमला फार सोसावं लागलं.’ माझ्या मनात आलं, तुमच्या मरियमलाही, फक्त दुसऱ्या टोकाला.

आणि जोसेफ, म्हणजे मराठी बायबलातला योसेफ, मरियेचा नवरा. मत्तयच्या पहिल्या अध्यायात योसेफ तिला गुपचूप सोडून द्यायच्या विचारात असतो, स्वप्नात दूत येतो, तो तिला घरी आणतो. म्हणजे गावाचं तोंड बंद होतं ते नवऱ्यामुळे. कुराणात नवरा नाहीच. ती बाळ घेऊन लोकांत परत येते. लोक म्हणतात, अगं हारूनच्या बहिणी, तुझा बाप वाईट नव्हता, आई बदचलन नव्हती! ती बोलत नाही, तिने न बोलण्याचं व्रत घेतलंय. फक्त बाळाकडे बोट करते. तिची बाजू बाळ मांडतं. लोकापवादाला सामोऱ्या जाणाऱ्या बायका आपल्या पुराणांत कमी नाहीत, पण तान्ह्याने साक्ष दिल्याची गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. म्हणूनच कुराणात तो मुलगा आईच्या नावाने ओळखला जातो, ईसा इब्न मरियम. आपल्या राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लिहायचं ठरवलं तेव्हा बाईंनी मला मुद्दाम फोन केला होता. ‘आमच्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच झालंय हे,’ म्हणाल्या. मीही सोडलं नाही. मार्कमध्ये नासरेथचे लोक येशूला ‘मरियेचा मुलगा’ म्हणतात ते ऐकवलं.

‘हारूनची बहीण’ यावर तर शतकानुशतकं वाद आहे. हारून म्हणजे बायबलमधला अहरोन. त्याची बहीण मिर्याम ही मोशेच्या काळातली, येशूच्या शेकडो वर्षं आधीची. म्हणून कुराणाने दोन मरियमांची गल्लत केली, असं ख्रिस्ती टीकाकार म्हणत आले. पण हा प्रश्न मुसलमानांना नवा नाही. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, आहे की अरबस्तानातल्या नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी हेच पैगंबरांचे साथीदार मुगीरा यांना विचारलं, त्यांनी ते पैगंबरांना विचारलं, आणि उत्तर मिळालं की ते लोक आपल्या आधीच्या नबींची आणि सज्जनांची नावं ठेवत असत. काही भाष्यकार म्हणतात, बहीण म्हणजे त्या कुळातली. गीतेत अर्जुनाला ‘भारत’ म्हटलंय म्हणून तो भरताचा मुलगा, असं आपण समजत नाही. कुणाला हे उत्तर पटेल, कुणाला नाही. पण प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर दिलं गेलं. चहा तयार आहे असं कुणी म्हणालं नाही.

खजुराच्या झाडाचं खरं उत्तर त्या मुलीला मला द्यायचं होतं, ते इथे देते. ते झाड बायबलमध्ये नाही, पण ख्रिस्ती परंपरेत आहे. बायबलबाहेरच्या जुन्या ख्रिस्ती कथांत, मिसरला (इजिप्तला) पळून जाताना मरिया थकते, तान्हा येशू खजुराच्या झाडाला वाकायला सांगतो, आणि मुळाशी झरा फुटतो. यरुशलेम आणि बेथलेहेमच्या मध्ये, मरिया जिथे विसाव्याला बसली असं मानत त्या जागी, पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च होतं. १९९०च्या दशकात तिथे खोदकाम झालं तेव्हा जमिनीवरच्या चित्रकामात फळांनी लगडलेलं खजुराचं झाड निघालं. आणि त्याच चर्चमध्ये आठव्या शतकात मुसलमानांनी नमाजासाठी मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) केल्याच्या खुणाही. मरियमचं मंदिरातलं बालपण, तिला देवाकडून येणारं अन्न, तिचा पालक कोण यासाठी टाकलेल्या चिठ्ठ्या, हेही बायबलमध्ये नाही; कुराणात आहे, आणि दुसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती कथेतही आहे. आम्ही कॅथलिक २६ जुलैला मरियेच्या आईबापांचा, अन्ना आणि योआकीम यांचा सण करतो, तीही नावं त्याच कथेतून आलेली. मुलीने विचारलेला प्रश्न इतका श्रीमंत होता.

फरक दोन धर्मांच्या मधोमध रेघ मारून संपत नाही, हेही सभेत कुणी सांगत नाही. इ.स. ४३१ मध्ये एफिसला बिशपांची परिषद भरली ती मरियेला ‘देवाची आई’ म्हणायचं का याच भांडणावर, आणि ते भांडण ख्रिस्ती लोकांचं आपापसातलं होतं. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत रांगेत माझ्या पुढे बुरख्यातली बाई मेणाचं बाळ घेऊन उभी असते, हे तुमचं आवडतं उदाहरण. माझंही आवडतं. पण तिच्या मशिदीतले मौलाना म्हणतील, मागायचं ते फक्त अल्लाहकडे. आणि गंमत म्हणजे माझी नगरकडची धाकटी जाऊ, पक्की प्रोटेस्टंट, नेमकं तेच म्हणते: मागायचं ते थेट देवाकडे, मूर्तीपुढे मेणबत्त्या कसल्या लावता? या एका बाबतीत जाऊबाई आणि मौलाना एका बाजूला, मी आणि बुरख्यातली ती बाई दुसऱ्या बाजूला.

‘फरक काढला की माणसं दुखावतात,’ असं तुमच्यापैकी एकांनी मला नंतर सांगितलं. यावर तुमच्याच सभेतली गोष्ट तुम्हाला परत सांगते.

मक्केतल्या छळाला कंटाळून पहिले काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशांच्या देशात (आजच्या इथिओपियाकडे) गेले, तिथल्या ख्रिस्ती राजाच्या, नजाशीच्या आश्रयाला. मक्केचे दूत त्यांना परत न्यायला आले. राजाने विचारलं, तुमच्याकडे काय आहे ते वाचून दाखवा. त्या मुसलमानांपैकी जाफर यांनी सूरह मरियमची सुरुवात म्हटली. राजा रडला, त्याची दाढी भिजली, त्याचे धर्मगुरू रडले, त्यांच्या पुढ्यातल्या पोथ्या भिजल्या. पैगंबरांच्या जुन्या चरित्रात हे आहे. तुमचे वक्ते इथे थांबतात आणि टाळ्या घेतात.

गोष्ट इथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मक्केचा दूत अम्र पुन्हा दरबारात गेला आणि म्हणाला, हे लोक ईसाबद्दल भयंकर बोलतात, त्याला दास म्हणतात, विचारा त्यांना. मुसलमानांना पुन्हा बोलावणं आलं. त्यांच्यात काळजी, काय सांगायचं? ज्याच्या घरात आसरा घेतलाय त्याच्या देवाला तोंडावर दास म्हणायचं? खुबीने बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी ठरवलं, जे आहे तेच सांगायचं, मग होईल ते होवो. जाफर म्हणाले, तो अल्लाहचा दास, त्याचा पैगंबर, त्याचा आत्मा आणि कुमारी मरियमकडे टाकलेला त्याचा शब्द. दरबारातले सरदार फुरफुरले. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला, तू म्हणालास त्याहून ईसा या काडीइतकाही वेगळा नाही. फुरफुरा हवं तेवढं! आणि दूतांनी आणलेले नजराणे परत करून त्यांना वाटेला लावलं.

ही गोष्ट मुस्लिम परंपरेतली, तेव्हा त्यात राजा अखेर त्यांच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. मी कॅथलिक म्हणून त्या काडीशी सहमत नाही. माझ्या लेखी ती काडी बरीच लांब आहे. पण मला हेवा वाटतो तो त्या दुसऱ्या दिवसाचा. आश्रित असूनही खरं बोलणारे, आणि खरं ऐकूनही आश्रय न काढणारा. तुमच्या सभेत पहिला दिवस दर वर्षी होतो. दुसरा कधीच होत नाही.

होऊ शकतो. २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकनच्या परिषदेने इतर धर्मांबद्दल जे निवेदन काढलं त्यात मुसलमानांविषयी आशयाने असं म्हटलंय: ते येशूला देव मानत नाहीत, पण नबी म्हणून त्याचा आदर करतात, त्याच्या कुमारी मातेचा सन्मान करतात. बघा, ‘मानत नाहीत’ आणि ‘आदर करतात’ एकाच वाक्यात आलंय. लेबनॉनमध्ये २०१० पासून २५ मार्चला, देवदूताने मरियमला निरोप दिला त्या सणाला, सगळ्या देशाला सुट्टी असते, ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांची. त्यासाठी कुणाला आपली गोष्ट बदलावी लागलेली नाही.

कुराणात पाचव्या सूरहमध्ये एक छोटं वाक्य आहे. ईसा आणि त्याच्या आईबद्दल. ते दोघं अन्न खात असत. बास. जो जेवतो त्याला भूक लागते, ज्याला भूक लागते तो देव कसा? बाईंनी हे वाचून माझ्याकडे पाहिलं. मी लूकचं शेवटचं पान उघडलं, जिथे मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना विचारतो, खायला काही आहे का, आणि भाजलेला मासा खातो. आमच्या लेखी हाच तर चमत्कार, की देव भुकेला झाला. बाईंना जिथे देव नसल्याची खूण दिसते तिथेच मला देव आल्याची दिसते. आम्ही दोघींनी डबे उघडले. माझ्यात सुका जवळा, त्यांच्यात तांदळाची भाकरी. अदलाबदल नेहमीचीच.

तर विनंती एवढीच. येत्या डिसेंबरात वक्ते दोनऐवजी एक करा. उरलेल्या वेळात दोन वाचक बसवा, एकाच्या हाती लूकचा पहिला अध्याय, ओळ सव्वीस ते अडतीस, दुसऱ्याच्या हाती सूरह मरियम, आयत सोळा ते छत्तीस. मराठीत, सावकाश, मध्ये कुणी काही न समजावता. मग माइक खाली सभागृहात द्या. त्या मुलीला मी शोधून निमंत्रण देते, ते माझ्याकडे लागलं. चहा अर्धा तास उशिरा ठेवा.

आपली,
मागच्या रांगेतली,
वसईची एक निवृत्त शिक्षिका